वाचक विचारतात : साप चांगला की वाईट?

श्रावण जवळ आला की या सदराच्या टपालात नागोबा निघतोच. या महिन्यात तीन पत्रं घेते आहे. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण तो प्रश्न मुळात सहावीतल्या एका मुलीचा आहे. तिची समजूत अर्धवट उत्तरानं होणार नाही.

प्रश्न : माझी नात ख्रिस्ती मंडळींच्या शाळेत जाते. तिथं आदाम-हव्वेची गोष्ट ऐकून आली आणि म्हणाली, "आजी, साप तर सैतान असतो. मग तू त्याला हळद-कुंकू का वाहतेस?" समोरच्या बौद्ध कुटुंबाकडे बुद्धाच्या डोक्यावर नागाचा फणा असलेली मूर्ती आहे, तीही तिनं पाहिली आहे. आता रोज विचारते, खरं कुणाचं? मी काय सांगू?
— एक आजी, मानेवाडा

उत्तर : ताई, खरं कुणाचं ते ठरवण्याआधी नातीला प्रत्येक गोष्ट पुरती ऐकवा. सध्या तिच्या कानावर प्रत्येक धर्मातला एकेकच साप आला आहे. मी नागपुरात मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवला. वर्गात हा विषय निघाला की मुलींना एक काम देत असे : ज्या ग्रंथात वाईट साप सापडेल, त्याच ग्रंथात चांगला शोधून आणा. रिकाम्या हातानं कुणी परत आली नाही.

बायबलच घ्या. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप हा सगळ्या प्राण्यांत धूर्त, एवढंच म्हटलं आहे. सैतानाचं नावही तिथं येत नाही. ती ओळख सापाला फार पुढे चिकटली. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, जुनाट साप म्हणजेच सैतान असं स्पष्ट येतं. पण मधल्या पानांत काय आहे? इस्राएली लोक रानात भटकत असताना विषारी साप चावून माणसं मरू लागतात, तेव्हा देव मोशेला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगतो. जो त्याच्याकडे पाहील तो जगेल. त्या सापाला लोक पुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच्या उंच केलं जाण्याची तुलना मोशेच्या त्याच सापाशी करतो. शिष्यांना तर तो सापांसारखे चतुर व्हा असंच सांगतो. नातीच्या शाळेतल्या बाईंना हे सगळं माहीत असणार. तिनं वर्गात विचारावं, बाईंना आनंदच होईल.

आता आपलं घर. आपण नागाला देव म्हणतो खरे, पण महाभारत सुरू होतं तेच सापांच्या होळीनं. तक्षकाच्या दंशानं परीक्षित गेला म्हणून त्याच्या मुलानं, जनमेजयानं, सर्पसत्र मांडलं आणि नाग ओढले जाऊन अग्नीत पडू लागले. ते थांबवलं आस्तीकानं. त्याची आई जरत्कारू ही वासुकीची बहीण आणि वडील ऋषी. दोन्ही कुळांचं रक्त अंगात असलेला मुलगाच त्या आगीसमोर उभा राहू शकला, हे मला त्या कथेतलं सगळ्यात मोठं वाटतं. नागपंचमीची कहाणीही सौम्य नाही. शेतकऱ्याच्या नांगरानं पिल्लं मरतात, नागीण त्याच्या घरादाराला डसते, मग लेकीच्या सासरी डसायला जाते. तिथं लेक पाटावर नाग काढून लाह्या-दूध ठेवून बसलेली. ते पाहून नागिणीचं मन पालटतं आणि तीच अमृत देऊन मेलेल्यांना उठवते. मारणारी आणि उठवणारी नागीण एकच, हे नातीला मुद्दाम सांगा.

शेजारच्या मूर्तीकडे येते. ज्ञानप्राप्तीनंतरच्या आठवड्यांत बुद्ध ध्यानाला बसले असताना अवकाळी पाऊस आला, सात दिवस थांबेना. मुचलिंद नागानं त्यांच्याभोवती वेटोळी घातली आणि डोक्यावर फणा धरला. जैनांकडे याच चित्राची दुसरी कथा आहे. कमठ नावाच्या तापसाच्या अग्नीतल्या लाकडात अडकलेली सापांची जोडी पार्श्वनाथांच्या नजरेला पडली. त्या जोडीचा पुढचा जन्म धरणेंद्र-पद्मावतीचा. पार्श्वनाथ ध्यानस्थ असताना वैऱ्यानं मुसळधार पाऊस पाडला, तेव्हा धरणेंद्रानं फणा धरला. इतवारीतल्या कुठल्याही जैन मंदिरात नातीला घेऊन जा. डोक्यावर फणांचं छत्र दिसलं की मूर्ती बहुधा पार्श्वनाथांची असते. तिसरं चित्र तर तिला पाठच असेल : वसुदेव टोपलीतून कृष्णाला नेतो आहे, पाऊस कोसळतो आहे आणि मागून शेष फणा धरून येतो आहे.

तीन धर्म, आणि तिन्हीकडे पाऊस आणि फणा. हे कुठून आलं असेल, याचं माझं उत्तर आपल्या मातीतच आहे. आषाढ-श्रावणात बिळात पाणी शिरतं आणि साप बाहेर येतो, कोरड्या जागेच्या शोधात. माणूसही तेच शोधत असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला, त्यात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब सामान घेऊन जिन्यावर येऊन बसलं होतं आणि त्याच जिन्याच्या कोपऱ्यात एक भली मोठी धामण. दुपारी सर्पमित्र येईपर्यंत कुणी कुणाला हात लावला नाही. पावसात ज्याची सगळ्यात धास्ती, त्यालाच पावसातला रक्षक करायचं, ही कल्पना ज्यांना सुचली ती माणसं सापांसोबत पावसाळे काढलेलीच असणार.

बौद्ध परंपरेतही नाग नुसता प्रेमळ नाही. उरुवेलेला कश्यप नावाच्या तापसाच्या अग्निशाळेत विषारी नागाला बुद्धांनी रात्रभरात शांत केलं आणि सकाळी भिक्षापात्रात घालून दाखवलं, ही कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. तिथंच आणखी एक आहे. एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्षू झाला आणि झोपेत मूळ रूपावर आला. त्याला संघ सोडावा लागला. तेव्हापासून दीक्षा घेणाऱ्याला 'तू मनुष्य आहेस ना?' असं विचारतात. थायलंडमध्ये तर प्रव्रज्येच्या, म्हणजे भिक्षू होण्याच्या, आधी त्या मुलाला नागच म्हणतात. संघाबाहेर राहिलेल्या त्या नागाची आठवण अजून अशी जपली जाते, हे वाचून माझे डोळे भरून आले होते.

आणि ताई, तुम्ही तर नागपुरात राहता! फणींद्रपूर हे या गावाचं जुनं नाव सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगितलं : बौद्ध धम्म देशभर पोचवला तो नाग लोकांनी आणि त्यांची वस्ती याच भूमीत होती. त्यांच्या सांगण्यात नाग म्हणजे पूर्वज होते, माणसं होती. इतिहासातही नाग नावाची राजकुळं आहेतच. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजघराण्याची नंदिवर्धन राजधानी. त्या वाकाटकांचे ताम्रपट पहिल्या रुद्रसेनाची ओळख भारशिव या नागकुळाच्या भवनाग महाराजाचा दौहित्र, म्हणजे लेकीचा मुलगा, अशी अभिमानानं करून देतात. आजोळ नागांचं आहे, हे मिरवण्यासारखं होतं.

गोंड समाजातलं मेश्राम कूळ पुष्य अमावास्येला आदिलाबादजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा भरवतं. त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. आपल्याकडून नागपंचमीच्या आधी पचमढीच्या डोंगरात नागद्वारला जाणाऱ्यांची रीघ तर तुम्ही दरवर्षी पाहत असाल.

बाकी जगाचं थोडक्यात. इजिप्तच्या राजाच्या कपाळावर फणा काढलेली नागदेवता राखण करायची, आणि त्याच इजिप्तमध्ये अपेप नावाचा महासर्प रोज रात्री सूर्याला गिळायला टपलेला असायचा. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुडाच्या तावडीत साप आहे, पण त्याच देशातले जुने लोक पिसांच्या सापाला, केत्सालकोआत्लला, देव मानत. आफ्रिकेत बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचं देऊळ आहे.

म्हणून नातीला सांगा, की साप चांगला की वाईट असा निकाल कुठल्याच धर्मानं एका वाक्यात दिलेला नाही. भीती आणि भक्ती सगळीकडे शेजारी-शेजारीच आहेत. आणि दिवाळीच्या सुटीत तिला पवनीला न्या. वैनगंगेकाठी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथं स्तूप खणून काढले. त्यात मुचलिंद नागाचं शिल्प मिळालं, तेही बुद्धाची मूर्ती घडवायला अजून सुरुवात झाली नव्हती त्या काळातलं. समोरच्या घरातल्या मूर्तीतला नाग आपल्या भागात दोन हजार वर्षांहून जुना आहे, हे तिला त्या जागी उभं राहून कळू द्या.

प्रश्न : मी मेडिकलला दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या गाडीवर दोन साप आणि पंखांचं चिन्ह आहे, आमच्या एका पुस्तकावर एकच साप. खरं चिन्ह कुठलं? आणि वैद्यकाला सापच का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : एकच साप, बाळा, आणि पंख नाहीत. तो दंड ग्रीकांच्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचा. एपिडॉरस इथल्या त्याच्या मंदिरात बिनविषारी साप मोकळे फिरत आणि रोगी रात्री तिथं झोपायला येत. रोममध्ये साथ आली तेव्हा इ. स. पू. २९१ मध्ये त्या मंदिरातला साप जहाजातून आणला गेला. तो टायबर नदीतल्या बेटावर उतरला असं सांगतात. त्या बेटावर आजही रुग्णालय आहे. दोन साप आणि पंखांची काठी हर्मीसची. तो देवांचा निरोप्या आणि व्यापाऱ्यांचा देव, त्याचा औषधाशी संबंध नाही. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागानं १९०२ साली ती काठी घेतली आणि तिथून ती पसरली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९४८ मध्ये एक सापच ठेवला. मित्राला स्टिकर बदलायला सांग.

सापच का, तर कात. जुनं अंग टाकून नवं घेऊन निघणारा प्राणी रोज डोळ्यांपुढे असला की बरं होण्याची आशा त्याच्यावर ठेवावीशी वाटणारच. मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश काव्यात राजा समुद्रतळातून तारुण्याची वनस्पती आणतो. तो आंघोळीला उतरतो तेवढ्यात साप ती पळवतो आणि कात टाकून निघून जातो. माणूस म्हातारा होतो, साप होत नाही, याचं त्या लोकांनी दिलेलं हे कारण.

पण तुझ्यासाठी आणखी मोठं कारण आहे. सर्पदंशावरची लस सापाच्याच विषापासून होते. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती काढतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल तू शिकशीलच. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालं. मारणारी नागीणच अमृत देते, हे वरच्या कहाणीतलं तुझ्या अभ्यासक्रमातही आहे.

प्रश्न : आमच्या गावात नागपंचमीला गारुडी नाग घेऊन यायचे, आम्ही दूध पाजायचो. आता कुणी येत नाही. सासूबाई म्हणतात, जिवंत नागाशिवाय पंचमी लागत नाही. काय करावं?
— एक सून, उमरेड तालुका

उत्तर : गारुडी येत नाहीत हे फार चांगलं झालं. साप दूध पिणारा प्राणी नाही. त्या नागांना आधी कित्येक दिवस तहानलेलं ठेवत, मग समोर येईल ते ओलं तो तोंडात घेई. दात उपटलेले, तोंड शिवलेलं, असे नाग मी लहानपणी आमच्या दारात पाहिले आहेत. ती पूजा नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे.

सासूबाईंचं मन मोडायची गरज नाही. भिंतीवर किंवा पाटावर नाग काढा, मातीचा करा, वारुळाला लांबून नमस्कार करा, लाह्या-फुटाणे ठेवा. पंचमीचे खरे नेम त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील : त्या दिवशी नांगर नाही, खणणं नाही, चिरणं-कापणं नाही, तवा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. ऐन पावसात साप उघड्यावर आलेला असताना जमिनीला लोखंड लावायचं नाही. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या हातून जे घडलं ते टाळणं, हीच नागाची पूजा. ती तुमच्या घरी आधीपासून चालू आहे, पंचमी लागलेलीच आहे.

घरात साप निघाला तर मारू नका, लांबून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. सोयाबीनच्या शेतात जाताना पायात बूट, रात्री हातात बॅटरी हवीच. आणि कुणाला चावलाच तर मांत्रिकाकडे तासभरही घालवू नका. जखम चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.