वाचनालयाची देवघेव जँगोच्या मॉडेलांत कशी मांडावी?

पुण्यातील आपल्या पेठेतल्या वाचनालयासाठी जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब-चौकटीत) प्रणाली लिहिताना ‘सभासद’ आणि ‘पुस्तक’ या मॉडेलांत (डेटाबेसमधील टेबलांच्या वर्णनांत) थेट मेनी-टू-मेनी फील्ड (अनेकांना अनेकांशी जोडणारे नाते) ठेवले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की ते ठेवू नये.

असे फील्ड लिहिले की जँगो मधले टेबल स्वतःच तयार करतो आणि त्यात दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे बोट दाखवणारे रकाने) व त्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारा नियम) घालतो. परिणामी एखाद्या सभासदाने जूनमध्ये परत केलेले पुस्तक दिवाळीत पुन्हा नेले, तर दुसऱ्या नोंदीला जागाच उरत नाही. पहिली नोंद पुसली तर इतिहास जातो आणि तशीच ठेवली तर पुस्तक परत आलेच नाही असे दिसते. नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, विलंब शुल्क ही माहिती सभासदाची नाही आणि पुस्तकाचीही नाही. ती देवघेवीची आहे, म्हणून ‘देवघेव’ हेच स्वतंत्र मॉडेल करावे.

त्यातील एक फॉरेन की सभासदाकडे जाईल, पण दुसरी पुस्तकाकडे नव्हे, तर ‘प्रती’कडे जावी, कारण एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असतात, प्रत्येकीचा दाखल क्रमांक (वाचनालयात नोंदवताना दिलेला क्रमांक) वेगळा असतो आणि सभासद घरी नेतो ती विशिष्ट प्रत. (कोड लिहिण्यापूर्वी ग्रंथपालांसोबत दाखल नोंदवही जरूर चाळावी, हा भेद तिथे आधीच केलेला असतो.) एक प्रत एकाच वेळी दोघांच्या नावावर लागू नये यासाठी, परत केल्याची तारीख रिकामी असतानाच लागू होणारे युनिक बंधन प्रतीवर घालावे. ही सोय जँगो 2.2 पासून आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे डेटाबेस ते बंधन पाळतात, मायएसक्यूएलवर मात्र ते तयारच होत नाही.

‘देवघेवी’तील दोन्ही फॉरेन कींना ऑन-डिलीट प्रोटेक्टच (जोडलेली नोंद असेपर्यंत मूळ नोंद पुसू न देणारी सूचना) द्यावे. कॅस्केड (मूळ नोंदीबरोबर जोडलेल्या नोंदीही पुसणारी सूचना) दिल्यास सभासदाची नोंद पुसताच त्याच्याकडे राहिलेल्या पुस्तकांचा मागही पुसला जातो.

पुस्तक आणि विषय यांच्यात साधे मेनी-टू-मेनी पुरते. लेखकांबाबत मात्र मी थ्रू मॉडेलच (मधले टेबल आपणच मॉडेल म्हणून लिहिणे) सुचवेन, कारण मराठीत अनुवादित पुस्तके भरपूर आहेत आणि कोण लेखक, कोण अनुवादक हे त्या जोडीवरच लिहावे लागते.

थकीत पुस्तकांच्या यादीत सभासद, प्रत आणि प्रतीमागचे पुस्तक ही तिन्ही नाती सिलेक्ट-रिलेटेडने (जोडलेल्या नोंदी एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या एकाच विचारणेत, आणणाऱ्या जँगोच्या सोयीने) एकदम आणावीत. तसे न केल्यास 100 ओळींसाठी एका क्वेरीऐवजी 301 क्वेऱ्या (यादीची एक आणि प्रत्येक ओळीमागे तीन) धावतील.