कायदा आणि आपण : शिक्षेवरची सुनावणी

प्रश्न : माझ्या बहिणीच्या चौदा वर्षांच्या मुलीवर २०२२ साली वस्तीतल्याच एका विवाहित इसमाने अत्याचार केला. विशेष न्यायालयाने त्याला पॉक्सोखाली (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली) वीस वर्षे सक्तमजुरी, पळवून नेल्याबद्दल तीन वर्षे आणि धमकी दिल्याबद्दल एक वर्ष अशी शिक्षा दिली. परंतु सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या, असे निकालपत्रात आहे. शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायाधीशांनी आरोपीला बोलायला सांगितले, तेव्हा त्याने म्हातारी आई आणि दोन लहान मुले आहेत म्हणून दयेची याचना केली. आमच्या मुलीचे कोणी काही विचारले नाही. ही शिक्षा वाढवून घेता येईल का? – एक मावशी

उत्तर : पिंजऱ्यातल्या माणसाला बोलू दिले गेले आणि आपल्या मुलीविषयी चकार शब्द निघाला नाही, ही सल तुमच्या पत्रात जागोजागी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये ही तरतूद होती आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये ती तशीच आहे. हे ऐकणे टाळले असते तर अपिलात त्याच त्रुटीवर बोट ठेवले गेले असते, त्यामुळे त्या काही मिनिटांनी तुमचा निकाल बळकटच केला आहे.

शिवाय आरोपीच्या याचनेने वीस वर्षांतला एक दिवसही कमी होणार नव्हता. मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर पॉक्सोच्या कलम ४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षाच वीस वर्षे आहे, तर कमाल शिक्षा जन्मठेप आहे, आणि किमान शिक्षेच्या खाली उतरण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही. ही मर्यादा आपल्याकडे सहजासहजी आलेली नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष सुटले, त्याविरुद्ध देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ च्या दुरुस्तीने बलात्कारासाठी किमान सात वर्षांची शिक्षा आली. मात्र ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नोंदवून त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभा कायद्यात ठेवली होती, आणि आरोपीचे तरुण वय, लोटलेली वर्षे, इतकेच काय, दोन्ही घरांतली तडजोड अशी कारणे त्या फटीतून आत येत राहिली. २०१३ साली ती फट बुजवली गेली आणि २०१८ साली किमान शिक्षा दहा वर्षांवर नेली गेली. तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या शिंभू खटल्यात बजावले आहे. गावातले कोणी अजूनही ‘मिटवून टाका’ म्हणत घरी येत असतील, तर त्यांना हे ठामपणे सांगा.

एकत्रित शिक्षा म्हणजे तिन्ही शिक्षा एकाच दिवशी सुरू होतात, म्हणून प्रत्यक्षात सर्वांत मोठी, वीस वर्षांची, मोजली जाते. कच्च्या कैदेत गेलेला काळ त्यातून वजा होतो. एकाच घटनेतून घडलेल्या गुन्ह्यांना बहुधा असाच आदेश होतो.

मुलीच्या वतीने बोलता आले असते का? आले असते, आणि हे तुम्हाला कोणी सांगितले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. पॉक्सोच्या कलम ४० नुसार कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, आणि पीडितेला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मुलीची शाळा सुटली, रात्री ती दचकून उठते, घर बदलावे लागले, हे सारे सरकारी वकिलांमार्फत किंवा लेखी स्वरूपात शिक्षेच्या सुनावणीत यायला हवे होते. ज्यांचे खटले अजून चालू आहेत, त्यांनी हे आजच सरकारी वकिलांच्या कानावर घालावे.

आता वाढीव शिक्षेबद्दल. पीडितेला आरोपी सुटला, सौम्य कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर अपील करता येते. शिक्षा कमी वाटली म्हणून अपील करण्याचा हक्क मात्र राज्य सरकारचा आहे. उच्च न्यायालय पुनरीक्षणात, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहताना, शिक्षा वाढवू शकते, पण तशी नोटीस निघाली की आरोपीला निर्दोष सुटकेसाठीही युक्तिवाद करण्याची संधी मिळते. माझे प्रामाणिक मत असे, की तुमची शक्ती दुसरीकडे लावा. आरोपी अपील करील आणि अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मागेल. त्या अर्जाला विरोध करायला तुमचा वकील उच्च न्यायालयात उभा असला पाहिजे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षेच ना? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गांधीहत्येतला कैदी गोपाळ गोडसे याच्या खटल्यातच सांगितले. चौदा वर्षांचा आकडा येतो तो माफीच्या नियमातून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार एरवी चौदा वर्षांआधी माफी देऊन सोडू शकत नाही. चौदा वर्षांनंतरही सुटका हा त्याचा हक्क नसतो. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयाने २०१४ साली तिघांना फाशी दिली होती; उच्च न्यायालयाने २०२१ साली ती रद्द करून नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत जन्मठेप दिली आणि त्यांना पॅरोल किंवा फर्लो (तुरुंगातून मिळणारी तात्पुरती रजा) यांपैकी काहीही मिळणार नाही, असे बजावले.