फर्स्ट इयरच्या पोरांना शिकवताना टेक्नॉलॉजीचा खरंच फायदा होतो का? कोणतं ॲप वापरावं?

तुम्ही लिहिलंय की यंदाच कॉलेजात शिकवायला लागलात, फर्स्ट इयर दिलंय, वर्गात मोठं टचस्क्रीन पॅनल आहे, सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत, तरी पोरं समोर बसून रील्स पाहून राहिली आहेत, तर आता कोणतं ॲप घेऊ. मी नागपुरात बीएस्सीला फिजिक्स शिकवतो आणि फर्स्ट इयर बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे (सिनियर लोकांना ते नको असतं, तुम्हालाही कळेलच). ॲपची नावं सांगतो पण त्याआधी एक गोष्ट, ती पटली नाही तर नावांचा काही उपयोग नाही.

कॉलेजं जी टेक्नॉलॉजी विकत घेतात ती जवळजवळ सगळी पोरांना काहीतरी दाखवायची असते. पॅनल, प्रोजेक्टर, ॲनिमेशन, रेकॉर्डेड लेक्चर. आणि पोरं तर दिवसभर पाहतच असतात हो, अजून एक गोष्ट पाहायला दिली की तीही पाहतात आणि विसरतात. कामाला येते ती पोराकडून काहीतरी करवून घेणारी टेक्नॉलॉजी, म्हणजे उत्तर द्यायला लावणारी, मोजायला लावणारी, आठवायला लावणारी. माझं सगळं उत्तर एवढ्यावरच उभं आहे.

आता फर्स्ट इयरचं पोरगं कसं असतं ते पाहा. दोन वर्षं सीईटी नाहीतर नीटच्या क्लासमध्ये ऑप्शन उडवायच्या ट्रिका शिकून आलेलं, अर्ध्यांना इंजिनीअरिंग किंवा मेडिकल मिळालं नाही म्हणून ते इथे, कोणी काटोल, सावनेर, उमरेडहून रोज अपडाऊन करतं, कोणी गडचिरोली-गोंदियाकडून येऊन चौघांत रूम करून राहतं. त्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे कोर्स), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), पहिले काही आठवडे तर पोराला आपला तास कोणत्या खोलीत आहे हेच कळत नाही, क्रेडिट जमा ठेवायचा एबीसी आयडी काढा, डिजीलॉकर उघडा, परीक्षेचा फॉर्म वेगळ्या पोर्टलवर. अशा पोराला तुम्ही अजून तीन ॲप आणि चार पासवर्ड दिले तर ते काहून वापरेल बाप्पा? म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे, पोरांना नवीन लॉगिन द्यायचं नाही.

याच्यामुळे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्लिकर्स. यात पोरांच्या मोबाईलची गरजच नाही! प्रत्येकाला एक छापील कार्ड द्यायचं, त्यावर क्यूआर कोडासारखं चौकोनी चित्र असतं, ते ज्या बाजूने वर धरलं त्यावरून ए, बी, सी, डी ठरतं. तुम्ही प्रश्न टाकायचा, पोरं कार्ड धरतात, तुम्ही आपला फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. शेजाऱ्याचं पाहूनही फायदा नाही कारण प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं. फुकटच्या व्हर्जनला मर्यादा आहेत पण सुरुवातीला पुरतं.

पण खरा जीव प्रश्नात आहे. मी दरवर्षी विचारतो, चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वरच्या टोकाला असताना त्याचं ॲक्सिलरेशन किती? वेग तिथे शून्य असतो म्हणून निम्म्याहून जास्त वर्ग शून्यच म्हणतो, आणि यात बारावीला फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क असलेलीही पोरं असतात (उत्तर ९.८ मीटर पर सेकंद स्क्वेअर, खालच्या दिशेने, चेंडू वर जाताना होतं तेवढंच). हे उत्तर मी लगेच सांगत नाही. शेजारच्याला पटवून द्या म्हणतो, दोन मिनिटं वर्गात बाजार भरतो, मग परत कार्ड. ही पद्धत माझी नाही, हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी नव्वदच्या दशकात बसवली, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. त्यांचा ढोबळ हिशोब असा की साधारण तीस ते सत्तर टक्के पोरांचं उत्तर बरोबर असेल तर चर्चा करू द्या, त्याहून कमी असेल तर तुम्हीच परत शिकवा, जास्त असेल तर पुढे चला. म्हणजे ते यंत्र आपल्याला, मास्तरला, माहिती द्यायला आहे, नाहीतर आपण "समजलं का?" विचारतो, पुढच्या बाकावरची तीन डोकी हलतात आणि आपण पुढच्या टॉपिकवर.

याला आधार आहे का तर आहे. २०१४ साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-इंजिनीअरिंगच्या कॉलेज कोर्सेसवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के पोरं नापास होत होती आणि जिथे पोरांना वर्गात काहीतरी करायला लावलं तिथे २१.८. पण अजून एक अभ्यास आहे तो तुम्ही नवीन आहात म्हणून मुद्दाम सांगतो. २०१९ मध्ये हार्वर्डलाच फिजिक्सच्या सुरुवातीच्या कोर्सला पाहिलं तर स्वतः करून शिकलेली मुलं टेस्टमध्ये पुढे होती, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो! छान गुळगुळीत लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं ना. तर तुमच्याकडेही पोरं म्हणतील की सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावून राहिले, फीडबॅक फॉर्मात मार्क कमी येतील. घाबरू नका, फक्त पहिल्याच आठवड्यात पोरांना हे असं का करतोय ते सांगून टाका आणि एचओडींच्याही कानावर घालून ठेवा.

दुसरी गोष्ट फायफॉक्स, याच्यावर मी जरा जास्तच बोलतो त्याबद्दल माफी. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं फुकटचं ॲप आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. फोनमध्ये जे सेन्सर आधीच आहेत, ॲक्सिलरोमीटर, माईक, जीपीएस, मॅग्नेटोमीटर, त्यांची रीडिंग सरळ देतं आणि एक्सेलमध्ये काढता येतात. आपल्या लॅबमध्ये दहा पोरांमागे एक स्टॉपवॉच, आणि इथे प्रत्येकाच्या खिशात लॅब.

आवाजाचा वेग मोजायला दोन फोन घ्या, मैदानावर दहा मीटरवर ठेवा (कॉरिडॉरमध्ये नको, घुमतो), दोघांवर फायफॉक्समधलं ॲकूस्टिक स्टॉपवॉच (आवाज ऐकून सुरू-बंद होणारं घड्याळ) लावा. एकाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू, मग दुसऱ्याने टाळी, दोन्ही बंद. पण लांबच्या फोनला पहिली टाळी उशिरा ऐकू येते आणि जवळच्याला दुसरी उशिरा, म्हणून दोन्ही घड्याळांत फरक पडतो, तो फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. आता नागपूरचा फायदा घ्या. डिसेंबरच्या सकाळी बारा डिग्रीला आवाजाचा वेग साधारण ३३८ मीटर पर सेकंद आणि एप्रिलच्या दुपारी बेचाळीसला ३५६, म्हणजे घड्याळांतला फरक हिवाळ्यात ५९ मिलिसेकंद आणि उन्हाळ्यात ५६. पाचसात वेळा करून सरासरी काढली तर आपल्या उन्हाने आवाज पळवला हे पोरांना स्वतःच्या आकड्यात दिसतं. दुपारचा भाग लवकर आटपा, फोनही तापतात आणि पोरंही.

मेट्रोचं तर त्याहून भारी. सीताबर्डीला अ‍ॅक्वा लाइनमध्ये बसा, फोन सपाट धरा, लोकमान्य नगरच्या दिशेने दोनतीन स्टेशन ॲक्सिलरेशन रेकॉर्ड करा. ग्राफखालचा एरिया काढला की वेग मिळायला पाहिजे. आणि मिळत नाही! गाडी शंकरनगरला थांबलेली आणि ग्राफ म्हणतो की वेग अजून आहे. इथे पोरं माझ्याकडे भांडायला येतात, सर ॲप खराब आहे म्हणून, आणि मला तेच पाहिजे असतं. फोन नुसता एक डिग्री तिरका झाला तरी ग्रॅव्हिटीचा ०.१७ मीटर पर सेकंद स्क्वेअर एवढा तुकडा त्यात मिसळतो, मिनिटभर तो जमत गेला तर ताशी सदतीस किलोमीटरचा वेग नुसता हवेतून तयार. इंटिग्रेशन, एरर, व्हेक्टरचे कंपोनंट, तीन युनिट एका तिकिटात. मग जीपीएसचा वेग शेजारी ठेवून तुलना करा म्हणतो.

तुमचा विषय फिजिक्स नसेल तरी हेच चालतं. आमच्या भूगोलाच्या मॅडम गूगल अर्थमधली जुनी सॅटेलाइट चित्रं काढून मिहान आणि हिंगण्याकडे शहर कसं पसरत गेलं ते पोरांकडून नकाशावर मोजून घेतात. कॉमर्सवाले एक मित्र गूगल शीटमध्ये गाडीच्या कर्जाचा हप्ता काढायला लावतात, आणि शोरूमवाल्याने सांगितलेल्या हप्त्याशी जुळवा म्हणतात. पोरं घरी बापाचं कर्ज तपासून येतात.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा २०१४ चा एक मोठा अभ्यास होता, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तर तासाचं लेक्चर रेकॉर्ड करून टाकू नका, ज्या एका गणितावर पोरं अडकतात तेवढं पाच मिनिटांत, कागद-पेन समोर धरून, आपल्या नेहमीच्या मराठी-इंग्लिश खिचडीत बोलून टाका. दिवसाचा दीड जीबी डेटा संध्याकाळपर्यंत आयपीएलमध्ये संपलेला असतो हेही लक्षात ठेवा, म्हणून साईज लहान. स्वयम आणि एनपीटीईएल (सरकारी ऑनलाइन कोर्स) चांगलंच आहे, नियमाने चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण फर्स्ट इयरच्या पोराला अख्खा बारा आठवड्यांचा कोर्स एकट्याने कर म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता अंबाझरी तलावात ढकलणं. एखादा आठवडा निवडून द्या. पायथन, लिबरऑफिस असलं काही असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, मराठीतही आहेत, दहाएक मिनिटांचे, बाजूला सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जायचं असतं.

लक्षात राहण्याचं काय, तर पोरं नोट्स पिवळ्या हायलायटरने रंगवून परत परत वाचतात. रोडिगर आणि कारपिकी या दोघांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी न पाहता आठवून लिहिलं ते पुढे. अँकी नावाचं फुकट फ्लॅशकार्ड ॲप यासाठीच आहे (अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे लागतात), पण खरं सांगू, वर्गातली मोजकीच पोरं ते टिकवतात. म्हणून मी सोमवारी गूगल फॉर्मवर पाच प्रश्न टाकतो, दोन मागच्या आठवड्याचे, दोन मागच्या महिन्याचे, आणि पाचवा नेहमी तोच, "या आठवड्यात काय डोक्यावरून गेलं?" लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर, मार्क नाहीत. पाचव्याची उत्तरं वाचून मगच मी मंगळवारचा तास ठरवतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथे चार ओळी लिहिते.

आणि चॅटजीपीटी. नोव्हेंबर २०२२ ला आलं तेव्हापासून घरी द्यायची असाइनमेंट जवळपास मेलीच, साठ पोरांचं "घर्षणाचे फायदे-तोटे" एकाच सुरात येतं. बंदी घालून काही होत नाही. दोन गोष्टी चालतात. एक, पोरांना सांगायचं की त्याला उत्तर मागू नका, "मला उत्तर सांगू नको, एकेक प्रश्न विचार आणि माझी चूक कुठे आहे ते दाखव" असं लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि आकडेमोडीवर विश्वास ठेवू नका. दोन, असाइनमेंट स्वतःच्या डेटावर द्या. तुमच्या मेट्रोच्या ग्राफमध्ये तिसऱ्या सेकंदाला तो खड्डा का आला हे चॅटजीपीटीला माहीत असायचं कारण नाही, त्या डब्यात तर तुम्ही होता. वर दोन मिनिटांची तोंडी घेतली की कोणी केलं आणि कोणी केलं नाही ते लगेच कळतं. साठ पोरांचे दोन तास जातात पण गठ्ठा तपासायलाही तेवढेच जात होते.

पॅनल तेवढं राहिलं. असू द्या, प्रश्न दाखवायला आणि पीएचईटीची सिम्युलेशन (स्क्रीनवर करून पाहायचे विज्ञानाचे प्रयोग) उघडायला बरं आहे, ती ब्राउझरमध्येच चालतात आणि बरीच मराठीत आहेत, पण स्लायडर तुम्ही हलवू नका, पोराला पुढे बोलावून आधी "काय होईल सांग" विचारा आणि मग हलवू द्या.

सगळं एकदम सुरू करू नका. या सेमिस्टरला फक्त कार्डं आणि सोमवारचा फॉर्म, फायफॉक्स हिवाळ्यात. कार्डं जाड कागदावर सीताबर्डीत कुठेही छापून मिळतील, फक्त दुकानदाराला चकचकीत लॅमिनेशन करू देऊ नका, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि मग मागच्या बाकाचे कोड कॅमेऱ्याला दिसत नाहीत.