वाचकांचे प्रश्न : वाळवणीत अडकलेली सायकल

प्रश्न : मी मिरजेचा, इंजिनिअरिंग होऊन दोन वर्षं झाली. कुपवाडच्या एका हळदीच्या युनिटसाठी छोटं सॉफ्टवेअर करतोय. कुठल्या कामाआधी कुठलं काम व्हायला पाहिजे ते तिथले लोक यादीत भरतात आणि सॉफ्टवेअर क्रम लावून देतं. यादी गोल गोल फिरत नाही ना, म्हणजे डायरेक्टेड ग्राफमधे (प्रत्येक काम एक नोड, आणि त्याच्याकडून त्याच्या आधीच्या कामाकडे बाण) सायकल नाही ना, हे बघायला मी पायथनमधे डीएफएस, म्हणजे एक वाट शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध, लिहिलाय. जाऊन आलेला नोड व्हिजिटेड नावाच्या सेटमधे टाकतो, तोच परत भेटला की सायकल. पण हा कोड चांगल्या यादीलाही सायकल आहे म्हणतोय. मालक म्हणतात तुझं सॉफ्टवेअरच गरगरतंय.

उत्तर : मालकांचं बरोबर आहे राव! तुमची यादी बघितली. पोती भरायच्या आधी पॉलिश पाहिजे आणि ओलावा तपासणीपण पाहिजे, आणि या दोन्हींच्या आधी वाळवण. आता तुमचा कोड पोत्यांपासून निघतो, पॉलिशवरून वाळवणीला जातो, तिथून शिजवणीला, मग परत येतो आणि ओलाव्याच्या वाटेनं पुन्हा वाळवणीला येतो आणि ओरडतो की हा नोड मी आधी बघितलाय. अरे बघितलास, पण फिरून आलास कुठं? दोन वाटा एका ठिकाणी मिळाल्या एवढंच झालं, बाणांच्या दिशेनं चालत निघाल्या जागी परत आलो तरच सायकल.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, तुम्हाला माहीत असतील. एखादा माणूस पेवात उतरलाच नाही, उतरलाय आणि अजून आत आहे, किंवा उतरून काम आटपून वर आला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत ना? नोडचंही तसंच. तुम्ही शेवटच्या दोन एकाच सेटमधे कोंबल्यात. तीन खुणा ठेवा, आणि जो अजून आत आहे त्याच्यावरच परत धडकलात तर सायकल म्हणा, वर आलेला भेटला तर गुपचूप पुढे जा. आणि नोडमधनं बाहेर पडताना खूण बदलायला विसरू नका, नाहीतर केलं ते सगळं पाण्यात.

पण खरं सांगू का, हे स्वतः लिहायचं कशाला? पायथन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, ग्राफलिब नावाची चिमुकली लायब्ररी सोबतच येते, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. तिच्यातल्या टोपोलॉजिकलसॉर्टरला, म्हणजे क्रम लावणाऱ्याला, डिक्शनरी द्यायची, तिच्यातली ‘की’ म्हणजे काम आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्याच्या आधीची कामं. मग प्रिपेअर कॉल करा, सायकल असेल तर सायकलएरर येतो आणि त्याच्या आर्ग्जमधल्या (एररसोबत येणाऱ्या माहितीतल्या) दुसऱ्या जागी सापडलेल्या सायकलची अख्खी लिस्ट असते, पहिला आणि शेवटचा नोड एकच. शिवाय आतला शोध रिकर्शनशिवाय, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच कॉल न करता, आहे, तुमचा रिकर्शनवाला डीएफएस हजारेक कामांची सरळ साखळी आली की पायथनच्या लिमिटला धडकून पडेल.

दोन ठिकाणी मी स्वतः आपटलोय. एक म्हणजे सॉर्टरमधला क्रम काढून देणारा स्टॅटिक ऑर्डर हा जनरेटर आहे, मागितल्यावरच एकेक काम देतो, नुसता कॉल केला तर काहीच तपासत नाही, लिस्टमधे ओतला किंवा लूप फिरवला की मग एरर येतो. मी एरर पकडणारा ट्राय नुसत्या कॉलभोवती लावला होता आणि एरर चार ओळी खाली फुटत होता, अर्धी रात्र गेली. दुसरं, डिक्शनरी उलटी भरली तरी सायकल सापडतेच, कारण सगळे बाण उलटे केले तरी गोल तो गोलच राहतो, पण क्रम उलटा येतो, आधी पोती भरा आणि शेवटी हळद शिजवा!

आता तुमच्या यादीत एक खरी सायकलपण आहे. कुणीतरी वाळवणीच्या आधी ओलावा तपासणी पाहिजे असं भरलंय, आणि तपासणीच्या आधी वाळवण तर आहेच. भरणाऱ्याला वेडा समजू नका, ओलावा जास्त निघाला तर हळद परत उन्हात टाकतात, तेच त्याला सांगायचं होतं. पण परत करायचं काम आणि आधी करायचं काम एका बाणात मावत नाही. फेरवाळवण असा वेगळा नोड करा, तपासणीच्या नंतरचा. आणि स्क्रीनवर नुसतं एरर असं दाखवू नका, वाळवण, ओलावा तपासणी, वाळवण अशी नावं दाखवा, चूक कुठंय ते त्या लोकांना तुमच्याआधी कळेल.

प्रश्न : युनिटच्या ऑफिसातला पीसी विंडोज ७ वर आहे, मालक बदलणार नाहीत. मग? (वरचेच वाचक)

उत्तर : विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही, म्हणजे ग्राफलिब नाही. मग कान नावाच्या संशोधकाची १९६२ सालची पद्धत वापरा, वीसेक ओळींत होते. ज्या कामाआधी काहीच नाही ते काढायचं, त्याच्यावर अडलेल्या प्रत्येक कामाचा ‘आधी किती कामं बाकी’ हा आकडा एकनं कमी करायचा, तो शून्यावर आला की ते कामही काढायचं. शेवटी काही उरलं तर सायकल आहे. फक्त उरलेली सगळीच कामं सायकलमधली नसतात, तिच्यामागे रांगेत अडकलेलीही उरतात. वाळवणीत गोल असेल तर बिचारी पोतीपण उरणार, त्यांच्यावर आळ घेऊ नका.

प्रश्न : एकच नको, सगळ्या सायकली दाखवता येतील का? (तासगावहून एक वाचक)

उत्तर : नेटवर्कएक्स या पायथनच्या ग्राफ लायब्ररीत सिंपल सायकल्स हे फंक्शन आहे, पण जपून. दहाच नोड घ्या आणि प्रत्येकाकडून बाकी प्रत्येकाकडे बाण काढा, सायकली होतात ११,१२,०७३. कोण वाचणार? त्यापेक्षा स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट, म्हणजे ज्यात बाणांवरून कुठूनही कुठंही जाता येतं असे नोडचे गठ्ठे, काढा, टार्जन नावाच्या संशोधकाची १९७२ ची पद्धत नोड आणि बाणांच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ घेते, आणि एकमेकांत गुंतलेली कामं गठ्ठ्यानं मिळतात. एकाच नोडचा गठ्ठा आला तर त्याचा बाण स्वतःकडेच नाही ना तेवढं बघा.