पत्रिकेवर 12:35 चा मुहूर्त असेल तर सोलापुरात नक्की कधी पोचायचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच सोलापुरात आलात, सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न आहे, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा आहे आणि ऑफिसातले सगळे म्हणतात, ‘दीडच्या आत काय लागत नाही, निवांत या.’ घरची मंडळीही पुण्याहून येणार आहेत. मग कधी जायचं?

12:10 ला मंगल कार्यालयात असा. बाकीचे निवांत येणार असले तरी.

पत्रिकेवर वेळ एकच छापलेली असते, पण त्या दिवशी परण्या, अक्षता आणि जेवण अशा तीन वेळा असतात. परण्या म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जाऊन मांडवात येतो तो. तो साधारण अकरा-साडेअकराला निघायचा असतो आणि लग्न लांबतं ते बहुतेक वेळा इथेच. घोडा आणि बँड वेळेवर उभे असतात, फेटे झालेले नसतात. फेटा बांधणाऱ्याला एका डोक्याला तीन मिनिटं धरली तरी पन्नास जणांना अडीच तास लागतात, आणि माणूस एकच सांगितलेला असतो. त्यात मित्रमंडळी मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारापर्यंत नाचणार. नवरदेव मांडवात आला की सत्कार सुरू. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो मिळून एका नावाला किमान एक मिनिट, म्हणजे पंचवीस नावांची यादी अर्धा तास खाते. एखादे पुढारी ‘पाच मिनिटांत पोचतायत’ म्हणून माईकवरून सांगितलं, की आणखी पंधरा-वीस मिनिटं धरा. आल्यावर आशीर्वादाचे चार शब्द असतातच.

म्हणून कार्यालयात कधी निघायचं हे पत्रिकेवरून ठरवू नका, परण्यावरून ठरवा. साडेअकराला लग्नघरातल्या एखाद्या चुलतभावाला किंवा मामाला फोन करून एवढंच विचारा, ‘परण्या निघाला का?’ वधूपित्याला त्या वेळी फोन करू नये. निघाला असेल तर अक्षता मुहूर्ताच्या आसपास पडतील. निघालाच नसेल तर तुमच्याकडे तासभर आहे. पण तरीही साडेबाराच्या पुढे जाऊ नका, कारण अधूनमधून भटजी आणि वधूपिता दोघेही वेळेचे पक्के निघतात. मंगलाष्टकं दहा-पंधरा मिनिटांत संपतात. त्यानंतर आलात तर अक्षता चुकल्या, आणि लग्नाला आलात ते अक्षतांसाठीच.

मुहूर्त 12:35 च का, हेही समजून घ्या, म्हणजे तो गमतीत घ्यावासा वाटणार नाही. महाराष्ट्रात घरोघरी असणारं दाते पंचांग आपल्याच सोलापुरातून निघतं. दुपारचे बरेच मुहूर्त अभिजित मुहूर्ताच्या आसपास धरलेले असतात, म्हणजे मध्यान्हाच्या आधी एक घटिका आणि नंतर एक घटिका. घटिका 24 मिनिटांची. सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 12:10 च्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या मध्याला 12:40 ला आणि ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, 12:22 च्या आसपास. म्हणजे मेमधल्या 12:35 च्या मुहूर्तानंतर फार तर दहा-बारा मिनिटं शिल्लक असतात. दीड वाजता अक्षता टाकल्या तर ज्या वेळेसाठी पंचांग उघडलं ती वेळ केव्हाच गेलेली असते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. ज्यांची नाही त्यांनीही मांडवाकडे पाहावं. बाहेर पारा 42-43 वर, आत मधुमेहाचे आजोबा जेवणाची वाट पाहतायत आणि बाळंतीण पाळणा हलवत बसलीय. उशिराचा सगळा भार वेळेवर आलेल्यांवर पडतो, हे मला मुळीच पटत नाही.

आणि सोलापूरकराला वेळ पाळता येत नाही असंही नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, येण्याच्या कितीतरी आधी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, लेकरंबाळं घेऊन बायका जागा धरून बसलेल्या असतात. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की हजारो हात एकदम वर जातात. तिथे दुसऱ्यांदा अक्षता पडत नाहीत हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. लग्नातल्या अक्षताही एकदाच पडतात, पण तिथे आपण थांबू असं यजमानच पाहुण्यांना शिकवून ठेवतात.

जेवणाचं म्हणाल तर घरून अकराला थोडं खाऊन निघा. पंगत असेल तर एक पंगत बसून, जेवून, पात्रं उचलून पुन्हा मांडायला पाऊण तास जातो. अक्षतांनंतर पहिली पंगत वयस्कर आणि लांबून आलेल्यांसाठी सोडावी, दुसरीला बसावं. चौथीपर्यंत थांबू नये. भजी मऊ पडलेली असतात आणि उन्हाळ्यात सकाळी केलेला मठ्ठा तीनपर्यंत आंबतो. बफे असेल तर हा प्रश्न येत नाही.

रिसेप्शनला मात्र घाई नको. ‘7 ते 10’ छापलं असलं तरी जोडी आठच्या आत स्टेजवर येत नाही. पावणेआठला जाऊन आधी जेवून घ्या, मग रांगेत उभे राहा.

बाकीच्या प्रसंगांचं थोडक्यात. हळदीकुंकू संक्रांत ते रथसप्तमी चालतं. पाच ते आठच्या दरम्यान केव्हाही जावं, दहा मिनिटं बसून वाण घेऊन निघावं, कारण यजमानीणबाईंनाही शेजारी तीन घरी जायचं असतं. सत्यनारायणाला तीर्थप्रसादाची वेळ पाळली तरी पुरे, कथेला बसायचं असेल तर आधी विचारून जा. घरी जेवायला ‘आठला या’ म्हटलं तर 8:10 ते 8:20. आठच्या आधी दार वाजवू नका, त्या वेळी आमटीला फोडणी आणि घर आवरणं एकाच वेळी चाललेलं असतं. गरम भाकरी पाहुणे आल्यावरच तव्यावर पडते. नऊच्या पुढे गेलात तर ती बाई रात्री अकरापर्यंत चुलीपाशी उभी राहते.

मातीला मात्र एक मिनिटही उशीर नको. ‘अंत्ययात्रा 11 वाजता राहत्या घरातून’ असा निरोप आला तर साडेदहाला घरापाशी असा. बाहेरगावची लेक यायची असेल तर थांबतात, पण ते घरच्यांना विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. बरीच घरं सूर्यास्तानंतर अग्नी देणं टाळतात, त्यामुळे दुपारची वेळ फारशी पुढे सरकत नाही. घरापाशी वेळेत पोचणं चुकलं तर थेट स्मशानभूमीत जावं. दहाव्यालाही तसंच, काकस्पर्शाच्या आधी पोचावं.

पुण्याहून येणाऱ्या घरच्यांना आदल्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने बोलवा, रात्री सोलापुरात पोचतील. लग्नाच्याच दिवशी गाडीने निघणार असतील तर अंतर सुमारे 250 किलोमीटर आहे, चहा-नाश्त्यासह पाच तास धरा. सहाला पुणं सोडलं तर अकराला तुमच्या घरी, अंघोळ करून बाराला कार्यालयात. सातला निघाले तर थेट कार्यालयात आणा, कपडे बदलायला तिथे वधूवरांच्या पाहुण्यांच्या खोल्या असतात. कोणती खोली रिकामी आहे हे सहकाऱ्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा, त्या दिवशी तो फोन उचलणार नाही.