आधी उठायची वेळ, मग झोपायची

"मॅडम, सुटीत पोरं पार बिघडली. सकाळी उठतच नाहीत. धाकट्याचं तर शाळेच्या वेळेला पोट दुखतं." जूनचा दुसरा आठवडा उजाडला की म्हापशातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हीच तक्रार थोड्याफार फरकाने ऐकू येते. त्यातलं एक घर इथे सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पेडणे तालुक्यातलं कुटुंब. बाबा मोपाच्या विमानतळावर शिफ्टमध्ये, आई म्हापशात बँकेत, घरात आजी. तन्वी आठवीत, साईश नुकताच पाचवीत गेलेला. 2025 साली गोव्यात वरच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, त्यामुळे तन्वी उन्हाळ्यात काही आठवडे शाळेत जाऊन आली होती. मग मे महिना दोघांनी मालवणला मामाकडे काढला. रात्री बारापर्यंत पत्ते, सकाळी नऊला उठणं. ती मजा मुलांना मिळालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सुटीला दोष देऊन काही साधत नाही.

आईला मी आदल्या संध्याकाळी सातपासून सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, येईपर्यंत घरात काय काय घडतं ते दोन-तीन दिवस नुसतं लिहून काढायला सांगितलं. तिने आणलेला कागद अजून डोळ्यांसमोर आहे. "6.40. साईशची पँट ओली. इस्त्री करून सुकवते. डबा राहिला. तन्वी बाथरूममध्ये. मी ओरडले. 7.10. बालरथचा हॉर्न." पावसाळ्यात गोव्यातल्या कुठल्याही घरात कपडे सुकत नाहीत, पण इथे ती पँट सकाळी आठवत होती, कारण आदल्या रात्री ती बघायला कुणालाच वेळ नव्हता. बाबा संध्याकाळच्या शिफ्टवरून साडेनऊला येणार, मग सगळ्यांचं जेवण, मग मोबाइल. मुलं झोपायला पावणेबारा. उठायचं सहाला.

हिशेब सरळ आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. साईशला मिळत होते जेमतेम सव्वासहा. अशा मुलाला आळशी म्हणणं अन्याय आहे. तन्वीची गोष्ट आणखी वेगळी. वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं, त्या मुलांना लवकर झोप येतच नाही.

बहुतेक पालक झोपायच्या वेळेपासून सुरुवात करतात. दिवे बंद, नऊला अंथरुणात. पण शरीराच्या लेखी रात्र साडेअकराला होत असेल तर मूल नुसतं कूस बदलत राहतं, आई चिडते, आणि अंथरूण ही भांडणाची जागा होऊन बसते. झोप आणणं आपल्या हातात नाही, उठवणं आहे. म्हणून आधी उठायची वेळ बांधायची, सहा वाजून पंधरा मिनिटं, आणि उठल्यावर लगेच उजेडात जायचं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि घड्याळ मागे आणायला तोच लागतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतंच.

बाहेर जायला निमित्त हवं होतं, ते आजीने काढलं. त्यांच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, त्याच सुमाराला भोंपू वाजवत येतो. पाव घ्यायचं काम साईशकडे आलं. छत्री, पिशवी, पैसे घेऊन तो अंगणाच्या टोकाला उभा. पावांतले पोळ्यो किती नि उंडे किती, हे तोच ठरवू लागला.

मग रात्र हळूहळू मागे घेतली, दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. रविवारी सवलत तासाभराची, त्याहून जास्त नाही. दहापर्यंत झोपलं की सोमवारी शरीर पुन्हा मालवणात. नऊनंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला. आईचासुद्धा.

अडलं ते जेवणावर. मुलांना आठ वाजता वाढा म्हटल्यावर आईचे डोळे भरून आले. "मग बाबा त्यांना कधी दिसणार? आमच्या घरात एकत्र जेवायची पद्धत आहे." तिचं म्हणणं खरं होतं. दोघांच्या नोकऱ्यांत ओढाताण होत असलेल्या घरात ते एक ताट फार मोलाचं असतं, ते काढून घ्यायचं तर बदल्यात काहीतरी द्यायलाच हवं. पुढच्या भेटीला बाबांना बोलावलं. संध्याकाळच्या शिफ्टनंतर सकाळी ते घरीच असायचे, झोपलेले. त्यांनी साडेसहाला उठून मुलांबरोबर चहा-पाव खायचा, बालरथपर्यंत सोडायचं आणि मग हवं तेवढं झोपायचं, असं ठरलं. "एवढंच ना?" म्हणाले आणि निभावलंही. गणवेश, दप्तर आठच्या जेवणानंतर बाहेर काढून ठेवायचं काम तन्वीने स्वतःहून घेतलं.

झोप सुधारली, पण साईशचं पोट राहिलं. डॉक्टरांनी तपासलं होतं, काही नव्हतं. रविवारी दुखत नव्हतं. तो गावच्या मराठी शाळेतून आलेला, इथे पाचवीपासून सगळं इंग्रजीत. माझ्याकडे चित्र रंगवता रंगवता म्हणाला, "मला समजतं. पण उठून वाचायला सांगितलं की सगळे बघतात." आईने वर्गशिक्षिकेची गाठ घेतली. त्यांनी उद्या वाचायचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी दाखवायला सुरुवात केली, तो तन्वीसमोर घरी वाचायचा. आणि पोट दुखलं तरी शाळेत जायचं, हे मी आग्रहाने सांगितलं. एक दिवस घरी राहून सुटका झाली की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. मात्र दुखण्याने रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल, ताप-उलट्या असतील, तर आधी डॉक्टर. मूल दोन आठवडे शाळेत जायलाच तयार नसेल, तर समुपदेशकाला दाखवा. जवळ कुणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

जुलैअखेर पोटाची तक्रार अधूनमधूनवर आली. ऑगस्टमध्ये आईचा फोन आला, "मॅडम, गणपतीच्या चवथीला काय करू? आरत्या, फुगड्या, घुमटाचं वादन, रात्री एक वाजतो." मी म्हटलं, जागू द्या, नाचू द्या. शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून फक्त पोदेराच्या वेळेला साईशला पाव आणायला पाठवा.