'कल्याण मटका' कल्याणचा नव्हे

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलं आहे, "कल्याण मटक्याचा आकडा ठाण्याजवळच्या कल्याणहून निघायचा का? आणि 'मटका' हा शब्द 'मटकावणे'वरून आला का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: नाही. 'कल्याणहून आकडा आला' हे जळगाव-धुळ्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की शिकलेली माणसंही त्या गावाचं नाव बिनदिक्कत घेतात. हे कल्याण म्हणजे कल्याणजी भगत. मूळ आडनाव गाला, कच्छमधून मुंबईत आलेले, वरळीत किराणा दुकान. 1962 मध्ये त्यांनी वरळी मटका सुरू केला. गोंधळ इथेच होतो. 'वरळी' हे ठिकाण, मग 'कल्याण'ही ठिकाणच असणार असं लोक गृहीत धरतात. सातपुड्यात झाडपाला देणाऱ्या, अंगात आणणाऱ्या भगतांपैकीही हे कल्याणजी नव्हेत. 1964 मध्ये रतन खत्री यांनी नियमांत थोडे फेरफार करून न्यू वरळी मटका काढला. 'मटका किंग' म्हणून गाजले ते हेच. 2020 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता 'मटकावणे'. 'पहिलं बक्षीस मटकावलं' हे वर्तमानपत्री वाक्य डोळ्यासमोर ठेवून ही व्युत्पत्ती ठासून सांगणारे बरेच आहेत. ध्वनी जुळला की संपलं, सनावळी बघायचीच नाही! हा खेळ मटक्याच्याही आधीपासून चालू होता आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'आकडा'. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रुईचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला, ते आकडे टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांवर पैसे लागत. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणं थांबलं. आकडा आणायचा कुठून? मग शून्य ते नऊ आकडे चिठ्ठ्यांवर लिहून त्या मटक्यात टाकायच्या आणि एक उचलायची. भांडं आल्यावर नाव आलं. 'मटकावणे'वरून नाव पडलं असतं तर ते भाव येत होते तेव्हाच पडायला हवं होतं, कारण पैसे तर तेव्हाही मटकावले जात होते. शिवाय आपल्या घरातलं भांडं माठ किंवा मडकं. 'मटका' हे रूप मुंबईच्या गुजराती-हिंदी बाजारबोलीतून आलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मटक्यात आकडा दोनदा निघतो, आधी 'ओपन', मग 'क्लोज'. या शब्दांचाही असाच विपर्यास होतो. सट्टापेढी उघडायची आणि बंद व्हायची वेळ, असा अर्थ सांगतात. चूक. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, एवढाच तो अर्थ. रुई गेली, न्यूयॉर्क गेलं, शब्द तेवढे राहिले. ज्या खानदेशात जिनिंगवाला आजही रुईचा भाव खंडीत सांगतो, 356 किलोची खंडी, तिथे तरी हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

पुढे मटकाही गेला आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. 2, 5, 8 निघाले तर बेरीज 15, ओपन 5. क्लोजला 1, 6 आणि दश्शी निघाली तर बेरीज 17, क्लोज 7. दोन्ही अंक मिळून जोडी 57. कागदावर हे 258-57-160 असं लिहितात. 160 मध्ये शून्य शेवटी का, 016 का नाही? कारण ते शून्य नाहीच, ती दश्शी आहे. चढत्या क्रमात दहा सर्वांत शेवटी येणार. पत्ते वापरात होते याची खूण लिहिण्याच्या पद्धतीत अशी टिकून आहे.

तीन पत्त्यांच्या अशा संचाला 'पान' म्हणतात. पानांचे एकूण प्रकार 220. तिन्ही अंक वेगळे असलेली 120, दोन सारखे असलेली 90, तिन्ही सारखे असलेली 10. इथेच लावणारे फसतात, सगळी पानं सारखीच निघणार असं धरून चालतात. एक्का ते दश्शी अशा चाळीस पत्त्यांत 2-5-8 हे पान 64 प्रकारे जुळतं, 2-2-5 हे 24 प्रकारे आणि 2-2-2 फक्त 4 प्रकारे. ओपनचा एकेक अंक येण्याची शक्यता मात्र बरोबर दहात एक. त्यावर एका रुपयाला साधारण नऊ मिळतात, जोडीवर नव्वद. खरा हिशेब दहा आणि शंभरचा. ती तफावत चालवणाऱ्याची. जुन्या निकालांचे चार्ट समोर मांडून ती भरून निघत नाही. काल निघालेल्या पानाचा आजच्या गड्डीशी संबंध नसतो.

'आकडा फुटला' यातलं फुटणंही मटक्याचं नव्हे. मटका कुणी फोडतच नव्हतं, त्यात हात घालून चिठ्ठी काढायचे. पेपर फुटतो, बातमी फुटते, तसा आकडा फुटतो, म्हणजे जाहीर होतो.

पण या सगळ्या गोतावळ्यात खरा मानाचा शब्द 'सट्टा'. आपल्याकडे मटक्याला सट्टाच म्हणतात, आणि या शब्दाला जुगारी समजून उगाच हलका लेखतात. तो 'साटं' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी, हे साटंलोटं. माल न हलवता नुसत्या पुढच्या भावावर केलेला सौदा तो सट्टा. काहीजण 'साठी' हे अव्ययही याच कुळात ओढतात. 'ट'चा 'ठ' कसा झाला ते मात्र मला पटत नाही, म्हणून मला ते मान्य नाही. जमिनीच्या व्यवहारात इसार देऊन करतात तो करारही साट्याचाच, सौद्याचा. त्यात साठवायचं काही नसतं. तेव्हा दस्त लिहिणाऱ्यांनी 'साठेखत' लिहिणं सोडावं. शब्द 'साटेखत' आहे.